शब्दाचा सूर आणि गाण्याचा स्वर

ज्या भाषेत शब्दाचा अर्थ त्याच्या उच्चारातील चढउतारावर ठरतो, त्या भाषेत गाणे संभवते तरी कसे, हा प्रश्न संगीताचा थोडाबहुत संस्कार असलेल्या कोणाही मराठी वाचकाला चिनी भाषेची पहिली ओळख होताच पडतो. आणि त्याला बहुधा उत्तर मिळते ते असे, की गाताना चिनी लोक शब्दांचे सूर सोडून देतात आणि अर्थ संदर्भावरून लावून घेतात. हे उत्तर अगदीच खोटे नाही, परंतु ते इतके अपुरे आहे की त्याच्या आडोशाला पंधरा शतकांचा एक मोठा वाङ्मयीन आणि सांगीतिक उद्योग झाकून जातो. शब्दाचा सूर हा चिनी गीतकाराच्या वाटेतील अडथळा मानला जातो. माझ्या मते तो त्याच्या कलेचे मूळ द्रव्य आहे. ज्या परंपरांनी हे द्रव्य सांभाळले त्यांच्यापैकी एक आजही हाँगकाँगात भर बाजारात जिवंत आहे, आणि केवळ ती बाजारात आहे या सबबीवर तिला साहित्याच्या पंगतीबाहेर ठेवणे हा मला उघड अन्याय वाटतो.

प्रथम सुराची कैफियत नीट पाहू. मँडरिन, म्हणजे पेकिंगच्या बोलीवर आधारलेली प्रमाण चिनी भाषा, चार सूर मानते: पहिला उंचावर स्थिर, दुसरा मध्यातून वर चढणारा, तिसरा खाली जाऊन तिथेच घोटाळणारा व कधी शेवटी उचलला जाणारा, आणि चौथा वरून झपाट्याने कोसळणारा. ‘थांग’ हा एकच उच्चार पहिल्या सुरात सूप, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात आडवे होणे आणि चौथ्यात चटका बसेल इतके ऊन असे चार अर्थ देतो. ‘माइ’ तिसऱ्या सुरात विकत घेणे आणि चौथ्यात विकणे, म्हणजे खरेदी-विक्रीचा सारा व्यवहार एका आंदोलनावर उलटतो. या सुरांचे मोजमाप करण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, ती 1930 साली चाओ युएन-रन या विद्वानाने घालून दिली. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या आवाक्याचे त्याने पाच थर कल्पिले आणि प्रत्येक सुराचा मार्ग त्या थरांवर रेखला. थर पाच आहेत, पण ते कोणत्याही पेटीच्या पट्टीला बांधलेले नाहीत. लहान मुलीचा खालचा थर तिच्या आजोबांच्या वरच्या थराहूनही वर असू शकतो, आणि तरीही दोघांचे बोलणे एकमेकांना बिनचूक कळते. म्हणजे सूर ही एक सापेक्ष गोष्ट आहे, शेजारच्या अक्षराशी असलेले नाते आहे. आणि नाते तर चालीतील दोन स्वरांमध्येही असतेच. हे एकदा ध्यानी आले, म्हणजे आरंभीच्या प्रश्नातील अशक्यता पुष्कळशी विरघळते.

आपल्याकडच्या वैदिक परंपरेला ही गोष्ट मुळीच अपरिचित नव्हती. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांच्या फेराने समास बदलतो आणि समास बदलला की यज्ञाचे फळ उलटते, हे त्वष्ट्याच्या कथेत आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून मंत्र म्हणताना ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचे अंत्याक्षर उदात्त करायचे ते आद्याक्षर झाले, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. चिनी इतिहासकार चेन यिन-को याने, ज्याने युरोप-अमेरिकेत राहून संस्कृताचा अभ्यास केला होता, 1934 साली असे प्रतिपादन केले की पाचव्या शतकाच्या अखेरीस चिनी पंडितांना आपल्या भाषेतील चार सुरांची जी शास्त्रीय जाणीव झाली, ती बौद्ध सूत्रांच्या पठणाबरोबर तिकडे गेलेल्या आपल्या या तीन स्वरांच्या दृष्टांतामुळे झाली. बौद्ध संघाच्या विनयनियमांनी भिक्षूंना वैदिक पद्धतीचे स्वरपठण निषिद्ध केले होते, अशी हरकत त्यावर पुढे घेण्यात आली, आणि ती वजनदार आहे. परंतु चीनमध्ये गेलेल्या पठणाच्या संस्कारामुळे तेथील कान स्वतःच्या बोलण्याकडे नव्याने वळले असावेत, एवढा मर्यादित पक्ष मला तरी ग्राह्य वाटतो.

ती जाणीव दक्षिण छी राजवटीच्या युंगमिंग काळात, म्हणजे 483 ते 493 या दशकात, शन युए आणि त्याचे सहकारी यांनी छंदःशास्त्राच्या नियमांत बांधली. पुढे लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने आपल्या दरबारातील चौ शे याला चार सूर म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्याने चारच शब्द उच्चारले, ज्यांतला प्रत्येक शब्द क्रमाने एकेका सुराचा होता आणि चारही मिळून स्वर्गपुत्र सम्राट हा संत व ज्ञानी आहे असा अर्थ होत होता. सम्राटाने मात्र ते सूर काव्यात पाळले नाहीत, अशी नोंद लिआंग राजवटीच्या अधिकृत इतिहासातच आहे.

पुढे सुंग काळात ‘त्स’ नावाचा काव्यप्रकार भरास आला, त्यात आधी चाल असे आणि कवी तिच्यात शब्द भरी. या कृतीला चिनी भाषेत आजही शब्द ‘भरणे’ असेच म्हणतात. प्रत्येक चालीच्या नावाखाली कोणत्या जागी सम, म्हणजे सपाट, सुराचा शब्द यावा आणि कोणत्या जागी विषम, म्हणजे उरलेल्या तिन्हींपैकी एखाद्या सुराचा, याचा आराखडा ठरून गेला. या शास्त्राचा सर्वांत कडक कैवार एका स्त्रीने घेतला. ली छिंग-चाओ, जिचा जन्म 1084 चा, हिने आपल्या निबंधात ओयांग श्यू आणि सू शी यांच्यासारख्या दिग्गजांना ठणकावून सांगितले की तुमची रचना म्हणजे ओळी लहानमोठ्या केलेली साधी कविता होय, ती गाण्याच्या कसोटीस उतरत नाही. गीत लिहायचे तर नुसते सम-विषम सूर पाहून भागत नाही, व्यंजनांचा घोष-अघोषही सांभाळावा लागतो. एवढ्या अधिकाराने आणि एवढ्या निर्भयपणे आपल्या ज्येष्ठांच्या कवितेची झडती घेणारी दुसरी कवयित्री त्या शतकांत मला माहीत नाही. दुर्दैवाने त्या चाली बहुतेक सर्व लुप्त झाल्या. च्यांग ख्वेइ या कवीने स्वतःच्या सतरा गीतांना स्वरलिपी जोडून ठेवली म्हणून तेवढी वाचली. बाकी हजारो गीतांचे शब्द आणि सुरांचे आराखडे उरले.

शब्दाचा सूर चालीत कसा बसवतात याची प्रत्यक्ष कारागिरी पाहायची असेल, तर सोळाव्या शतकात वेइ लिआंग-फू याच्या हातून संस्कार झालेले ख्वुन-छू नाट्यसंगीत ऐकावे. सम सुराचा शब्द तिथे लांब आणि सपाट वाहतो. कोसळत्या सुराच्या शब्दाला मुख्य स्वरानंतर वर उडी घेणारी एक हलकी जागा दिलेली असते, जिला गायक ‘ह्वो-छ्यांग’ म्हणतात, आणि तिच्यामुळे ऐकणाऱ्याला तो शब्द ओळखू येतो. जो शब्द जुन्या उच्चारात व्यंजनावर तुटतो, तो गातानाही क्षणभर तोडतात, श्वासाची एक फट राहू देतात आणि मगच त्याची चाल पुढे नेतात. आपल्या गायकीत मींड, कण आणि मुरकी ही रागाच्या सेवेत असतात. तिथे तीच अलंकारसामग्री शब्दाची चाकरी करते. गायकाने शब्दाच्या मागोमाग चाल न्यावी असा तेथील गुरुजनांचा दंडक, आणि चालीने शब्दाचा सूर उलटा केला तर त्या दोषाला ‘उलटा शब्द’ असे नाव असून, पेकिंग ऑपेराचा जाणता रसिक तो दोष आजही माफ करीत नाही.

पण या शिस्तीचा अतिरेकही झाला, आणि त्याचा दाखला फार बोलका आहे. थांग श्येन-त्सू याने 1598 साली ‘पिओनी मंडप’ हे नाटक पुरे केले. प्रेमाने मृत्यूलाही मागे सारणाऱ्या एका मुलीची ती कथा चिनी रंगभूमीवरून आजतागायत उतरलेली नाही. वूच्यांगच्या शन चिंग या छंदःशास्त्र्याने त्यातील गीते नियमाबाहेर जातात म्हणून ती दुरुस्त केली. ते कळताच थांग इतका संतापला, की माझा आशय जिथे पोचला आहे तिथे साऱ्या जगाच्या गायकांचे गळे मुरगळले गेले तरी बेहत्तर, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर नोंदले गेले आहेत. काळाने न्याय केला तो दोघांनाही आश्चर्य वाटेल असा: नाटक थांगचे राहिले, शब्दही त्याचेच राहिले, आणि नंतरच्या ख्वुन-छू रचनाकारांनी त्या शब्दांना हात न लावता चालच वाकवून, नव्या जोडून घेऊन, ती पदे गाण्याजोगी केली. मी स्वतः थांगच्या पक्षाचा आहे. परंतु त्याचे शब्द आज गळ्यांतून सुखाने उतरतात ते शन चिंगच्या कुळातील लोकांनी सुरांचे शास्त्र जिवंत ठेवले म्हणूनच, हेही मला कबूल केले पाहिजे.

विसाव्या शतकात मात्र मामला बदलला. पाश्चात्य धर्तीच्या चाली आल्या, शाळांत समूहगीते आली, शांघायच्या ध्वनिमुद्रिका आणि बोलपट आले, आणि मँडरिन गीताने शब्दाच्या सुराचे बंधन बरेचसे झुगारून दिले. ज्या चाओ युएन-रनने सुरांचे पाच थर आखले, तोच उत्तम संगीतरचनाकारही होता. 1926 साली त्याने ल्यू पान-नुंग याच्या कवितेला दिलेली चाल आजही गायली जाते, आणि 1928 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत शब्दाचा सूर व गाण्याचा स्वर यांच्या संबंधाचा ऊहापोह त्याने केला आहे. नव्या संगीताने जुन्या कानाशी अगदीच फारकत घेऊ नये, ही त्याची तळमळ होती. ती कधीकधी सहजस्फूर्तीनेही साधली जाई. 1935 साली न्ये अर या तेवीस वर्षांच्या तरुणाने एका चित्रपटासाठी रचलेले आणि पुढे चीनचे राष्ट्रगीत झालेले समरगीत घ्या: त्याचा पहिलाच शब्द, ‘उठा’ या अर्थाचा ‘छी-लाइ’, खालच्या पंचमावरून षड्जावर उडी घेतो, बोलतानाही ‘छी’ खाली असतो आणि ‘लाइ’ वर चढतो. त्या हाकेत जी सचोटी वाटते, तिला तिच्या अर्थाइतकेच हे सूर आणि स्वर यांचे संगनमतही कारण आहे, असे मला वाटते.

परंतु असे प्रसंग वगळले, तर मँडरिनच्या लोकप्रिय गाण्यांत शब्दाचा सूर चालीच्या प्रवाहात बहुतांशी बुडतो. याचे शास्त्रीय कारणही आहे. मँडरिनचे चार सूर मुख्यतः आकाराने वेगळे आहेत, एक चढतो, एक पडतो, एक वळतो. आणि गाण्यातील लांबवलेला स्थिर स्वर नेमका आकारच पुसून टाकतो. अर्थ मग वाक्याच्या ओघावरून, दोनदोन अक्षरांच्या जोडशब्दांवरून आणि ऐकून पाठ झालेल्या कल्पनांवरून लागतो. आपल्या गाण्यांत ऱ्हस्व ‘दिन’ ताणून ‘दीन’ झाला तरी श्रोता गोंधळत नाही, तसेच हे. तेरेसा थंग या गायिकेचा आवाज ऐकताना कोणाचेही काही अडत नाही, हे मी मान्य करतो. तरीही या मुभेची किंमत मोजली गेली आहे. ओळखीच्या कल्पना आणि ठरावीक शब्दांच्या जोड्या यांच्याबाहेर गीतकार पाऊल टाकू लागला, की श्रोत्याला पडद्याखालच्या अक्षरांकडे पाहावे लागते. आणि चित्रवाणीवरील मँडरिन गाण्यांखाली शब्द छापून येण्याची जी सार्वत्रिक वहिवाट आहे, ती मला नेहमीच थोडीशी खेदाची वाटत आली आहे.

कँटनीजची गोष्ट वेगळी, आणि माझ्या प्रतिपादनाचा भार तिच्यावरच आहे. क्वांगतुंग प्रांतात आणि हाँगकाँगात बोलली जाणारी ही भाषा सहा सूर मानते, जुन्या हिशेबाने नऊ. त्यांतले कित्येक सूर आकाराने सपाट असून केवळ उंचीने वेगळे आहेत. म्हणजे या भाषेत अर्थाचा निवाडा उंचीवर होतो, आणि उंची तर गाण्यात असतेच. त्यामुळे कँटनीज श्रोता गाण्यातील उंची-खालीही भाषा म्हणूनच ऐकतो, आणि चाल शब्दाच्या विरुद्ध गेली तर त्याला चुकीचा शब्द नुसता भासत नाही, तर स्पष्ट ऐकू येतो. याचा सर्वांत त्रासदायक अनुभव तेथील ख्रिस्ती मंडळींना आला. पाश्चात्य चालींवर बेतलेली लेखी चिनी भाषेतील भजने कँटनीज उच्चारात गाऊ लागताच प्रभू या अर्थाचा ‘च्यू’ हा शब्द, ज्याचा सूर वर चढत जाणारा आहे, एका उंच स्थिर स्वरावर आला की डुक्कर या अर्थाचा उंच स्थिर सुराचा ‘च्यू’ होऊन बसे. भाविकाच्या तोंडून अत्यंत श्रद्धेच्या क्षणी असा शब्द निघावा, यासारखी विटंबना नाही. आणि खालून घेतलेल्या एका बारीक मींडेने ती टळू शकली असती, परंतु चालीला शब्दाची विचारपूस करण्याची सवयच नव्हती. पुढे कँटनीज उच्चाराला धरून स्वतंत्र भजने रचली जाऊ लागली, ती या वेदनेतूनच.

हाँगकाँगच्या चित्रपट-चित्रवाणी गीतांनी ही शिस्त पराकोटीस नेली. 1974 च्या सुमारास सॅम ह्युइ याने रस्त्यावरची कँटनीज गाण्यात आणली. मग जोसेफ कू याच्या चाली आणि जेम्स वाँग याचे शब्द या जोडीने एका शहराला त्याचा आवाज मिळवून दिला. 1979 साली रोमन टॅमने गायलेले ‘सिंहशिलेच्या पायथ्याशी’ हे त्यांचे गीत तर तेथील लोक आपल्या कष्टांचे आत्मचरित्र मानतात. रिवाज असा, की चाल आधी येते आणि गीतकार तिच्यात शब्द भरतो, म्हणजे सुंग कवींचेच काम. फक्त तेव्हाचा श्रोता दरबारातला किंवा गणिकागृहातला, आणि आताचा बसच्या थांब्यावरचा.

हे काम किती बारकाईचे आहे ते पाहावे. शून्य, दोन, चार आणि तीन या अंकांची कँटनीज नावे उच्चारात या क्रमाने खालून वर चढत जातात. म्हणून गीतकार नवी चाल ऐकून प्रत्येक स्वराच्या जागी यांतला एकेक अंक मांडतात आणि त्या अंकांच्या रांगेत बसतील अशाच सुरांचे शब्द शोधतात. आता ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या अर्थाची तीन अक्षरे घ्या, ‘ङो ओइ नेइ’: या हिशेबात तिन्ही अक्षरे चारच्याच पातळीची, म्हणजे जवळजवळ एकाच स्वरावर राहणारी आहेत. चाल जिथे भावनेच्या शिखरावर चढत असेल, तिथे ही तीन अक्षरे घालताच येत नाहीत; घातली तर ऐकणाऱ्याला ती दुसरीच काही तरी वाटतील. मग गीतकाराला प्रेमाची कबुली टाळून तिची एखादी खूण शोधावी लागते, एखादी वस्तू, एखादी वेळ, एखादे अर्धवट वाक्य. लिन शी या टोपणनावाने लिहिणाऱ्या गीतकाराच्या रचनांत जो संयम आणि जी वक्रता आहे, तिचे पुष्कळसे श्रेय त्याच्या प्रतिभेला आहेच. पण ती प्रतिभा या अंकांच्या रांगेत उभी राहून घडली आहे. 2002 साली वाँग आणि डील या अभ्यासकांनी कँटनीज गाण्यांची तपासणी केली, तेव्हा लागोपाठच्या दोन अक्षरांच्या सुरांचे नाते आणि त्यांच्या स्वरांचे नाते दहापैकी सुमारे नऊ ठिकाणी जुळलेले आढळले. नित्य नव्या मालाची मागणी असलेल्या व्यवसायात, मुदतीच्या तगाद्याखाली लिहिलेल्या गीतांत, छंदाचे हे पालन मला थक्क करते.

याच कारणाने मला त्या भाषेच्या भवितव्याची काळजी वाटते. 2010 साली क्वांगचौच्या चित्रवाणीने आपले मुख्य कार्यक्रम मँडरिनमधून करावेत अशी तजवीज तेथील सल्लागार मंडळाने सुचवली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि अधिकाऱ्यांना खुलासे करावे लागले. हाँगकाँगातही कित्येक शाळांत चिनी विषय मँडरिनमधून शिकवला जातो. राज्यकारभाराला एक समाईक भाषा लागते, हे आपल्या देशात कोणाला पटवून द्यायला नको. परंतु मँडरिनमध्ये शिकलेल्या मुलाला कँटनीज गाण्याचे शब्द छापून दिले, तर त्याला अर्थ कळेल आणि कारागिरी मात्र मुळीच दिसणार नाही, कारण ती सुरांत आहे आणि ते सूर त्याच्या कानात नाहीत. लिपी एकच असल्यामुळे ही हानी कागदावर कुठेच उमटत नाही, म्हणून तिची तक्रार नोंदवणेही कठीण.

2016 साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून गायलेले गीत साहित्य आहे की नाही हा वाद निदान तत्त्वतः मिटला आहे. मग ज्यांनी सहा सुरांची कसोटी पाळून, आधी ठरलेल्या चालीत, बोलीभाषेच्या जिवंतपणाने लिहिले, त्या जेम्स वाँग आणि लिन शी यांच्या पिढ्यांना चिनी काव्येतिहासाच्या ग्रंथांत ली छिंग-चाओच्या वंशावळीत प्रकरण मिळाले पाहिजे, परिशिष्ट नव्हे. आणि आपल्याकडे जे तरुण चिनी शिकतात त्यांना त्यांच्या शिक्षकांनी मँडरिन गाण्यांबरोबर एखादे कँटनीज गाणेही ऐकवावे, कारण पहिल्यातून शब्दसंग्रह वाढेल, सूर मात्र दुसऱ्यातूनच कळेल. या गीतांचे संग्रह आता काढले जातील तेव्हा नुसते शब्द छापू नयेत. प्रत्येक ओळीवर चालीची स्वरलिपी आणि प्रत्येक अक्षराखाली त्याचा सूर, असे दोन्ही द्यावे, म्हणजे उद्या ही बोली कमी कानांत उरली तरी गीतकाराने कुठे कोणता शब्द का टाळला आणि कोणता का पत्करला, हे वाचणाऱ्याला ओळीओळीने पडताळून पाहता येईल.